खुराड्याचं इंजिनिअरिंग

मित्रांनो, विषय बघून लगेच पान उलटू नका. कॉम्प्युटर आणि आयटीच्या मंडळींना कोंबड्या अंकात आल्याच कशा असा प्रश्न पडेल. पण आपल्या हॉस्टेलच्या मागे स्टाफ क्वार्टर्सची जी रांग आहे, तिथे पाच-सहा घरांत कोंबड्या पाळलेल्या आहेत. दर मोठ्या सुट्टीत त्यातल्या बऱ्याच कुत्री मारतात. आणि या प्रकाराशी आपला, म्हणजे मेसमध्ये जेवणाऱ्या सगळ्यांचा, चांगलाच संबंध आहे.

मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींकडे अकरा कोंबड्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत एका रात्रीत आठ गेल्या. खाल्ल्या म्हणाव्यात तर दोनच. बाकीच्या सहा मान मोडून अंगणात टाकलेल्या. त्यातली एक खुडूक होती, तेरा अंड्यांवर बसलेली. म्हणजे पुढची पिढीसुद्धा गेली. गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तर अंडी देते, आणि गावठी अंड्याला पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा बराच जास्त भाव मिळतो. मावशींच्या मुलीच्या वह्या-पुस्तकांचा आणि ट्यूशनचा खर्च त्यातून निघायचा. आपल्याला 'आठ कोंबड्या' हा आकडा किरकोळ वाटतो, त्या घराला वाटत नाही.

असं घर एकटं नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींच्या वर कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यातली सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातली होती. २०१२ च्या मानाने परसातल्या कोंबड्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढल्या. त्याच गणनेत भटकी कुत्री भरली सुमारे दीड कोटी.

आता पहिला प्रश्न : खायचं नव्हतं तर मारलं कशाला? कुत्र्याच्या अंगात पाठलाग करणं, पकडणं, मारणं आणि खाणं या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. पळणारं, फडफडणारं काही दिसलं की पहिल्या तीन आपोआप सुरू होतात, भूक असो वा नसो. उघड्यावर कोंबडी उडून भिंतीवर तरी जाते. खुराड्यात तिला जागा नसते, अंधारात तिला फारसं दिसत नाही, ती जागच्या जागी फडफडत राहते आणि कुत्रं थांबत नाही. म्हणून कमकुवत खुराडं हे खुराडं नसण्यापेक्षा वाईट. नसतं तर गावठी कोंबड्या निदान झाडावर तरी चढल्या असत्या. (गिरिराज, वनराजसारख्या जड जातींना तेही नीट जमत नाही.)

दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा आहे : ही कुत्री येतात कुठून? मावशींना विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या, "पोरांनो, त्यांना मी नाही बोलावलं. तुमच्या ड्रमनं बोलावलं." मेसच्या मागे उरलेल्या अन्नाचा जो उघडा ड्रम असतो, त्यावर टर्म चालू असताना पंचवीस-तीस कुत्री आरामात जगतात, पिल्लंही होतात. मग परीक्षा संपते, हॉस्टेल रिकामं होतं, ड्रम रिकामा होतो. कुत्री मात्र घरी जात नाहीत. त्यांचं घर तेच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हॉटेलं आणि हॉस्टेलं एकदम बंद झाली तेव्हा जागोजागी हेच झालं. ताटात टाकलेला भात आणि मेलेली कोंबडी यांच्यामध्ये एवढंच अंतर आहे.

यावर काही जण लगेच विषाचा उपाय सुचवतात. ते साफ चूक आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ ने तो गुन्हा आहे. शिवाय विष घातलेला तुकडा कोण उचलेल याचा नेम नसतो : मांजर, कावळा, किंवा खुद्द मावशींची कोंबडी. कायदेशीर वाट निर्बीजीकरण आणि रेबीजच्या लशीची. त्याचे नियम आधी २००१ चे होते, आता २०२३ चे आहेत. शिवाय ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्था, रुग्णालयं, बसस्थानकं वगैरे आवारांतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, परत तिथेच सोडू नयेत, असा आदेश दिला. हे काम स्थानिक संस्थेचं, पाठपुरावा आपल्या कॉलेजचा. पण ड्रम उघडा राहिला तर एक टोळी जाईल आणि शेजारच्या वस्तीतली दुसरी येईल. तेव्हा ड्रमला घट्ट झाकण आणि रोजच्या रोज अन्न हलवणं हे आधी. कोंबडी कापल्यावर पिसं, आतडी परसात फेकायची सवय असेल तर तीही बंद. मेलेली कोंबडी खोल पुरावी, वर दगड ठेवावा.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. कोंबड्या मात्र आज रात्रीही झोपणार आहेत, म्हणून आता खुराड्याकडे वळू. इथे आपलं शिक्षण थोडं कामाला येतं.

मावशींच्या खुराड्याला षटकोनी भोकांची कोंबडी-जाळी होती. ही जाळी कोंबडी आत ठेवायला केलेली आहे, कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही. तिची तार साधारण २२ गेजची, म्हणजे सुमारे ०.७१ मिमी. १४ गेजच्या वेल्डमेशची तार सुमारे २.०३ मिमी. (गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, व्हायव्हाला हमखास चुकतं.) व्यास जेमतेम तिप्पट, पण गोल तारेचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे एका तारेमागे सुमारे ६७ पट फरक! शिवाय षटकोनी जाळीची तार नुसती पिळलेली असते. कुत्र्याने एका जागी दात लावून ओढलं की पीळ सुटत जातो. वेल्डमेशचा प्रत्येक सांधा जोडलेला असतो. पैसे कमी असतील तर खालच्या तीन फुटांना वेल्डमेश आणि वर साधी जाळी चालते. मुंगुसाचा त्रास असेल तर खाली अर्ध्या इंचाची भोकं हवीत. जाळी चौकटीच्या बाहेरच्या बाजूने ठोकावी. आतून ठोकली तर कुत्र्याच्या धक्क्याने खिळे उपटून येतात, बाहेरून ठोकली तर तोच धक्का जाळी चौकटीवर दाबतो.

जाळी मजबूत झाली की कुत्रं उकरतं. त्यासाठी पाया खणायची गरज नाही. भिंतीला जोडून दीड-दोन फूट रुंद जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर सपाट अंथरायची, खुंट्या मारायच्या, वर दगड-माती टाकायची. कुत्रं नेहमी भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतं, नखं जाळीला लागली की वैतागतं. दोन फूट मागे सरकून तिथून बोगदा काढावा, हे सहसा त्याला सुचत नाही.

काही जण उंच पायांचं खुराडं करतात. चांगलं आहे, उकरण्याचा प्रश्नच मिटतो. पण दोन गोष्टी बघाव्या लागतात. पाय अरुंद असतील तर वीस किलोचं कुत्रं वरच्या कडेवर पुढचे पाय टाकून अख्खं खुराडं कलंडवू शकतं. पाय फाकवून ठेवावेत किंवा जमिनीत गाडावेत. आणि तळाला मोठ्या भोकांची जाळी लावू नये. खाली उभं राहून कुत्री कोंबडीचे पाय ओढतात. फळी लावा.

दार हा सगळ्यात दुबळा भाग. ते बाहेर उघडणारं असावं, म्हणजे कुत्र्याने बाहेरून ढकललं तर ते चौकटीवरच बसतं. आत उघडणारं दार एका कडीवर अवलंबून असतं, आणि नुसती फिरणारी लाकडी खुंटी कुत्रं नाकाने फिरवतं. कडी-कोयंडा लावून त्यात जाड तारेचा आकडा अडकवला की पुरे. कुलूप माणसांसाठी, तो वेगळा विषय.

दहा-बारा कोंबड्यांना रात्रीपुरती चार बाय तीन फुटांची जागा आणि दोन आडव्या काठ्या पुरतात. काठ्या भिंतीपासून जरा आत ठेवाव्यात, जाळीला टेकून झोपलेली कोंबडी बाहेरून चावली जाते. संध्याकाळचं दाणा-पाणी खुराड्यातच दिलं की त्या दिवस मावळायला आपण होऊन आत येतात. सकाळी उजाडताच सोडू नयेत. त्या वेळी कुत्र्यांची टोळी फिरत असते. ऊन वर आलं, माणसांची ये-जा सुरू झाली की सोडाव्यात.

इलेक्ट्रिकलच्या मित्रांसाठी एक धोक्याची सूचना. तारेत घरातला करंट सोडायचा विचारसुद्धा करू नका. रानडुकरांसाठी अशा तारा लावून माणसं मेल्याच्या बातम्या येतच असतात. शेतात वापरतात ते झटका मशीन वेगळं : ते सेकंदाला साधारण एक, तोही क्षणभराचा ठोका देतं आणि त्याची ऊर्जा काही ज्यूलपुरती मर्यादित असते. २३० व्होल्टची तार सोडत नाही, धरून ठेवते. क्वार्टर्समध्ये लहान मुलं खेळतात, त्यामुळे माझ्या मते तिथे झटका मशीनही नकोच.

मिनी प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्यांनी मात्र आपोआप बंद होणारं दार करून बघावं. एलडीआर, कम्परेटर, बारा व्होल्टची गिअर मोटर, लिमिट स्विच : सगळं ओळखीचं. खरी गंमत तपशिलात आहे. टॉर्चचा उजेड पडला म्हणून दार उघडता कामा नये, तेव्हा रात्री उघडण्याचा निर्णय घड्याळावर ठेवा. अंधार पडल्यावर अर्धा तास थांबून दार बंद करा, एखादी कोंबडी उशिरा येतेच. वर्म गिअर वापरलात तर बंद दार कुत्र्याला उचलून उघडता येत नाही. आणि बॅटरी उतरली तर काय, याचं उत्तर शोधल्याशिवाय ते मावशींना देऊ नका.

कुत्र्यांच्या तावडीतून कोंबडी सोडवायला हात घालू नये. काठी, पाणी, मोठा आवाज, काहीही चालेल. चावलंच तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर लशीबरोबर सीरमही लागतं, ते विचारून घ्यायचं. हळद-चुना लावून बसायचं नाही.

मावशींचं नवं खुराडं आम्ही चौघांनी दोन शनिवारांत उभं केलं. चौकट जुन्या खाटेच्या अँगलची, फक्त वेल्डमेश विकत आणली. उरलेल्या तीन कोंबड्या त्यात आहेत, एक पुन्हा खुडूक बसली आहे. क्वार्टर्समधल्या आणखी दोन घरांना असंच हवं आहे. जाळीचे तुकडे वर्कशॉपच्या मागे ठेवलेत. ज्यांना वेल्डिंगचं जर्नल पूर्ण झाल्यावरही वेल्डिंग करायची इच्छा उरली असेल, त्यांनी शनिवारी दुपारी पक्कड घेऊन यावं.