वापरणाऱ्यासाठी आरेखन : इयत्ता सहावी-सातवीसाठी एक प्रकल्प-पाठ

शाळांतून संगणक व टॅब्लेट आल्यापासून चित्रकलेच्या तासाला एक नवे साधन लाभले आहे. तथापि त्या साधनावर विद्यार्थी काय करतात हे पाहू गेल्यास बहुधा एकच दृश्य आढळते : दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, एक नदी आणि एक झोपडी. कागदावरचे चित्र पडद्यावर आले, एवढाच काय तो फरक. चित्र काढण्याचा आनंद खरा आहे व तो मुलांना मिळालाच पाहिजे. परंतु डिजिटल कलेस आणखी एक अंग आहे. दुसऱ्याच्या उपयोगी पडावे म्हणून अक्षर, चित्र, रंग आणि मोकळी जागा यांची केलेली विचारपूर्वक मांडणी, हे ते अंग होय. त्यास आरेखन किंवा रूढ शब्दात डिझाइन म्हणतात. ते वर्गात कसे शिकवावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

लोट्यापासून आरंभ

भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकन आरेखक चार्ल्स ईम्स व रे ईम्स या दांपत्याने आपल्या देशात प्रवास केला आणि एप्रिल १९५८ मध्ये आपला अहवाल सादर केला. येथील असंख्य सुंदर वस्तूंमधून त्यांनी विशेष गौरव केला तो घरोघरी आढळणाऱ्या साध्या लोट्याचा. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावरून न्यायचा की कमरेवर, धरणारा हात केवढा आहे, भरलेला व रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, असे अनेक प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याविषयी उपस्थित केले. लोटा कोणा एका कारागिराने एका दिवसात घडविला नाही. पिढ्यान्पिढ्या वापरणाऱ्यांच्या हातांनी तो घडविला, हे त्यांच्या विवेचनाचे सार. १९६१ साली अहमदाबाद येथे स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेमागे या अहवालाची प्रेरणा होती. पुढे १९६९ साली मुंबईत पवई येथील आय.आय.टी.मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले.

अशा संस्थांतील अध्यापनाचा कणा म्हणजे स्टुडिओ-पद्धती. तीत व्याख्यान थोडे व काम अधिक असते. विद्यार्थ्यांपुढे एक खरी गरज ठेवतात. ते वापरणाऱ्यांस भेटतात, कच्चे आराखडे करतात, ते सर्वांसमोर भिंतीवर लावतात, टीका ऐकतात आणि पुन्हा आखतात.

बाराखडीचे चक्र

या पद्धतीचे एक फळ आपल्या व्यवसायाच्या अगदी निकटचे आहे. मोबाइलवर मराठी लिहावयास बसलेल्या नवख्या माणसास हवे ते अक्षर कळपाटीवर लवकर सापडत नाही, कारण तेथील क्रम त्याच्या ओळखीचा नसतो. वरील केंद्रातील प्राध्यापक अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी यांनी या अडचणीचा अभ्यास केला आणि २०१३ साली ‘स्वरचक्र’ ही कळपाटी प्रसिद्ध केली. तीत व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली होती. ‘क’ला बोट लावताच त्याभोवती एक चक्र उमटे व त्यात का, कि, की, कु अशी रूपे दिसत, हव्या त्या रूपाकडे बोट सरकवले की ते अक्षर लिहिले जाई. माणसास नवा क्रम पाठ करावयास लावण्याऐवजी, त्याने पहिलीच्या वर्गात घोकलेली बाराखडीच येथे यंत्राने स्वीकारली. वापरणाऱ्यापाशी आधीच असलेले ज्ञान ओळखणे व त्यावर रचना उभारणे, हे तत्त्व विद्यार्थ्यांना या उदाहरणावरून सहज पटविता येते.

प्रकल्प कशाचा घ्यावा ?

गतवर्षी एका गावी विद्यार्थ्यांनी रंगविलेला लसीकरणाचा फलक मी पाहिला. भोवती वेलबुट्टी, मध्यभागी वळणदार अक्षरांत घोषवाक्य. काम खरोखर देखणे होते. दिनांक मात्र खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होता. लसीकरण होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एक आई बाळास घेऊन अंगणवाडीत आली. तिने तो फलक जाता-येता पाहिला होता. तिला वार ठाऊक असे तो गावच्या बाजारावरून, आणि फलकावर वार लिहिलाच नव्हता. त्या बाळाची लस महिनाभर लांबली. फलकाचे देखणेपण तिच्या उपयोगी पडले नाही.

म्हणून पुढील प्रकल्पासाठी हाच विषय सुचवीत आहे : बाळाच्या आईस मोबाइलवर पाठविण्याची लसीकरणाची सूचना. यास सहा तास पुरतात.

पहिला तास : पाहणे. अंगणवाडी सेविकेच्या संमतीने चार-चार मुलांचे गट सध्याची सूचना घेऊन मातांना भेटतील. ‘सूचना आवडली का ?’ असे विचारू नये. त्यास सर्वच जण ‘हो’ म्हणतात. ‘लस केव्हा आहे ? कोठे ? सोबत काय न्यावयाचे ?’ असे विचारावे आणि उत्तर शोधताना नजर कोठे अडते ते टिपावे. मातांची नावे लिहू नयेत, छायाचित्रे घेऊ नयेत.

दुसरा तास : गरज शब्दांत मांडणे. प्रत्येक गटाने एकच वाक्य लिहावे. उदाहरणार्थ, ‘जिला अक्षरे जुळवून वाचावी लागतात, त्या आईला वार, वेळ व ठिकाण एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे.’ पुढील सर्व काम या वाक्याशी ताडून पाहावे.

तिसरा तास : कागदी आराखडे. मोबाइलच्या पडद्याएवढे कागद कापून प्रत्येकाने तीन निरनिराळ्या मांडण्या कराव्यात. पडद्यावर सजविलेले काम मोडण्यास मूल कचरते; कागद मात्र सहज टाकून देते. शिवाय वीज नसली तरी काम अडत नाही.

चौथा तास : भिंतीवरील चर्चा. सर्व आराखडे भिंतीवर लावावेत. करणाऱ्याने मौन पाळावे. इतरांनी आपणांस काय समजले तेवढेच सांगावे. ‘छान’ आणि ‘वाईट’ हे दोन्ही शब्द या तासापुरते वर्ज्य समजावेत.

पाचवा तास : परीक्षा. निवडलेला आराखडा पाच मातांना दाखवावा. वापर-चाचणीचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली असे मांडले की, पाच जणांच्या चाचणीतच बहुतेक दोष उघडकीस येतात. मोठ्या पाहणीपेक्षा अशा लहान चाचण्या वारंवार घेणे श्रेयस्कर. मुलांनी येथे एक नियम कटाक्षाने पाळावा : समजावून सांगावयाचे नाही. सांगावे लागले, तर दोष सूचनेचा आहे, आईचा नव्हे.

सहावा तास : पडद्यावरील काम. आता टॅब्लेट हाती द्यावा. अक्षर मोठे असावे. पांढऱ्यावर पिवळे अक्षर उन्हात दिसत नाही, हे अंगणात नेऊन दाखवावे. दिनांकाशेजारी वार, आणि ‘बाजाराच्या दुसऱ्या दिवशी’ अशी गावची खूणही लिहावी. तयार सूचनेतील तपशील सेविकेकडून तपासून घ्यावा व तिच्याच हस्ते ती पाठवावी. ज्या घरी मोबाइल नाही तेथे तीच सूचना कागदावर पोहोचवावी.

मूल्यमापन

या प्रकल्पात गुण केवळ अखेरच्या चित्रास देऊ नयेत. पहिला आराखडा, चाचणीतील नोंदी व सुधारलेले रूप ही तिन्ही एकत्र ठेवावीत. कोणत्या नोंदीमुळे कोणता बदल केला, हे ज्या मुलास सांगता येते त्याने विषय आत्मसात केला असे समजावे. ज्याचा हात चित्रकलेत बेताचा आहे, परंतु ज्याने आईची अडचण अचूक टिपली, त्याचेही काम या कसोटीवर वरच्या श्रेणीचे ठरते. चित्रकलेच्या तासास मागे बसणाऱ्या कित्येक मुलांना यामुळे पुढे येण्याची संधी मिळेल.

ज्या शाळेत एकच टॅब्लेट आहे तेथेही हा पाठ घेता येतो, कारण पहिल्या पाच तासांना त्याची गरज नाही. केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस येताना शिक्षक बंधुभगिनींनी तयार सूचनेबरोबर विद्यार्थ्यांचे बाद झालेले आराखडेही आणावेत. ते शेजारी शेजारी मांडून, कोणत्या आईच्या कोणत्या प्रश्नामुळे काय बदलले, याची चर्चा तेथे करता येईल.