साध्या राहणीचे लोक : आमिश मंडळ्यांचें जीवन

वाचनासाठीं : मत्तय ६ : ९–१५, रोमकरांस पत्र १२ : १–२१.

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत लँकेस्टर नांवाचा जिल्हा आहे. तेथील रस्त्यांनीं मोटारी वेगानें धांवत असतात, आणि त्यांच्याच कडेनें करड्या छपराची एक घोडागाडी संथपणें चाललेली दिसते. आंत बसलेल्या पुरुषास दाढी असते, पण मिशा नसतात. स्त्रीच्या डोक्यावर साधी पांढरी टोपी असते. हे आमिश लोक होत. पुष्कळांस ते केवळ जुन्याला चिकटून बसलेले हट्टी लोक वाटतात. परंतु त्यांच्या राहणीचें कारण समजून घेतलें, तर आपल्या मंडळ्यांस त्यांपासून पुष्कळ शिकतां येईल.

१. त्यांचा उगम. सन १५२५ मध्यें स्वित्झर्लंडांतील झुरिच शहरीं कांहीं भाविकांनीं असें ठरविलें कीं, बाप्तिस्मा अर्भकास नव्हे, तर समजून विश्वास धरणाऱ्या प्रौढासच द्यावा. ह्याबद्दल कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही सत्तांनीं त्यांचा छळ केला. फेलिक्स मान्झ ह्यास १५२७ सालीं लिम्मात नदींत बुडवून मारण्यांत आलें. पुढें हॉलंडांतील मेनो सायमन्स ह्यानें ह्या विखुरलेल्या लोकांस धीर दिला. त्याच्या नांवावरून त्यांस मेनोनाइट म्हणूं लागले. १६९३ सालीं याकोब अम्मान नांवाच्या वडिलानें अधिक कडक शिस्तीचा आग्रह धरिला व फूट पडली. त्याचे अनुयायी ते आमिश. अठराव्या शतकांत ते पेनसिल्व्हेनियांत येऊं लागले, कारण विल्यम पेन ह्यानें तेथें धर्मस्वातंत्र्य दिलें होतें. यूरोपांतील त्यांची शेवटची मंडळी १९३७ सालीं मेनोनाइटांत मिळून गेली. उत्तर अमेरिकेंत मात्र ते आज सुमारें ४ लाख आहेत. १८९९ सालीं अमेरिकन मेनोनाइट मिशनरी धमतरी येथें आले. त्यांच्या हातून आपल्या देशांत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या दृष्टीनें आमिश लोक हे त्यांचे चुलतभाऊच होत.

२. त्यांची उपासना. ह्या लोकांस देवळाची इमारत नाहीं. वीस ते चाळीस घरांची एक मंडळी असते, आणि ती एक आड एक रविवारीं पाळीपाळीनें एकेका घरीं जमते. बांकें गाडींतून एका घराहून दुसऱ्या घरीं नेतात. उपासना सुमारें तीन तास चालते. त्यांच्या गीतपुस्तकाचें नांव ‘आउस्बुंड’. त्यांतील कित्येक गीतें सोळाव्या शतकांत विश्वासामुळें तुरुंगांत पडलेल्यांनीं रचिलेलीं आहेत. तीं वाद्यावांचून, अगदीं धीम्या चालीनें गातात. उपासनेनंतर सर्वजण एकत्र जेवतात.

पाळक निवडण्याची त्यांची रीत विशेष आहे. मंडळींतील लोक योग्य वाटणाऱ्या पुरुषांचीं नांवें सुचवितात. जितके पुरुष, तितकीं गीतपुस्तकें मांडतात; त्यांतील एकांत चिठ्ठी असते. ज्याच्या हातीं तें पुस्तक येईल, तो जन्मभर उपदेशक होतो. त्यास ना पगार, ना सेमिनरीचें शिक्षण. शेत किंवा सुतारकाम संभाळूनच तो ही सेवा करितो. चिठ्ठी निघाली म्हणजे त्याच्या घरचीं माणसें अनेकदां रडतात, कारण तो मान नसून ओझें आहे, हें तीं जाणतात. आम्हां शिकलेल्या पाळकांनीं हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

३. त्यांचें काम व नवीं यंत्रें. वीज किंवा मोटार हें पाप आहे, असें आमिश म्हणत नाहींत. त्यांचा प्रश्न निराळा आहे : ही वस्तु घरांत आली, तर शेजारी शेजाऱ्यापासून दूर जाईल काय? ह्या कसोटीवर प्रत्येक मंडळी आपले नियम ठरविते. त्या नियमांस ते ‘ऑर्डनुंग’ म्हणतात. प्रभुभोजन वर्षांतून दोनदां होतें, आणि त्याच्या आधीं सभा भरवून ह्या नियमांविषयीं सर्वांचें एकमत आहे कीं नाहीं, हें पाहतात. मोटारींत बसणें चालतें, पण ती बाळगणें चालत नाहीं. कारण मोटार आली कीं माणूस आपल्या मंडळीपासून दूर राहूं शकतो. टेलिफोन कित्येक ठिकाणीं घरांत नसून वाटेच्या टोंकाला एका खोपटांत असतो. असे नियम गांवोगांव भिन्न आहेत.

पूर्वीं बहुतेक सर्व शेतकरी होते. आतां जमिनीच्या किंमती फार वाढल्यामुळें पुष्कळ पुरुष सुतारकाम, घरबांधणी व लांकडी सामान करण्याचा धंदा करितात. स्त्रिया बाग संभाळतात, फळें व भाज्या बरण्यांत भरून ठेवितात व गोधड्या शिवितात. ते सहसा विमा उतरवीत नाहींत. एखाद्याचें कोठार जळालें, तर शेंकडों माणसें जमून बहुधा एका दिवसांत त्याचा सांगाडा उभा करितात, आणि स्त्रिया सर्वांस जेवूं घालितात. आपल्याकडील इर्जीक ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हें सहज समजेल.

४. त्यांचीं मुलें. मुलें आठव्या इयत्तेपर्यंत बहुधा एका खोलीच्या शाळेंत शिकतात. पुढें शिकण्याची सक्ती त्यांच्यावर करतां येत नाहीं, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७२ सालीं दिला. सोळाव्या वर्षानंतर तरुणांस कांहीं मोकळीक मिळते. मग बाप्तिस्मा घ्यावा कीं न घ्यावा, हें ज्यानें त्यानें ठरवावयाचें. बहुतेक घेतात. पण बाप्तिस्म्याचें वचन देऊन जो मोडतो व पश्चात्ताप करीत नाहीं, त्याच्याशीं मंडळी व्यवहार तोडते. आईबापही त्याच्याबरोबर एका मेजावर जेवीत नाहींत. येथें आपणांस थांबून विचार केला पाहिजे. ज्याला पुढें शिकावयाचें आहे, त्या मुलाचें काय? घराबाहेर पडलेल्याच्या आईचें काय? ह्या एकोप्याची किंमत कोणाला तरी भरावी लागते, हें लपवून त्यांची स्तुति करणें बरें नव्हे.

५. त्यांची क्षमा. २००६ सालच्या २ ऑक्टोबरला लँकेस्टर जिल्ह्यांतील निकल माइन्स येथें एक मनुष्य आमिश शाळेंत शिरला. त्यानें दहा मुलींवर गोळ्या झाडिल्या व स्वतःसही मारून घेतलें. पांच मुली मरण पावल्या. त्याच दिवशीं कांहीं आमिश पुरुष मारेकऱ्याच्या विधवेकडे गेले व आमच्या मनांत तुमच्याविषयीं राग नाहीं, असें त्यांनीं तिला सांगितलें. त्याच्या दफनाला मृत मुलींपैकीं कांहींचे आईबापही उभे राहिले. जगभरांतून जो पैसा आला, त्यांतील कांहीं त्या विधवेच्या कुटुंबासही देण्यांत आला.

हें बळ एका रात्रींत आलें नाहीं. लहानपणापासून ते प्रभूची प्रार्थना रोज म्हणतात, आणि दिर्क विलेम्स ह्याची कथा ऐकतात. १५६९ सालीं हॉलंडांत हा मनुष्य पकडण्यास आलेल्या शिपायापासून बर्फावरून पळाला. बर्फ फुटून तो शिपाई पाण्यांत पडला, तेव्हां परत फिरून त्यानें त्याला वांचविलें, व स्वतः धरला जाऊन जाळला गेला. तरी निकल माइन्स येथील आईबापांचें दुःख क्षमेमुळें संपलें नाहीं. क्षमा ही एकदां करून भागत नाहीं, राग परत येतो तेव्हां ती पुन्हां करावी लागते, असें त्यांच्यांतील लोकांनीं सांगितलें आहे.

बोध. आपण घोडागाडी घ्यावी किंवा वीज तोडावी, असें कोणी म्हणत नाहीं. मुलांस शिकविणें हें तर आपलें कर्तव्यच आहे. परंतु घरांत येणारी प्रत्येक वस्तु नुसती परवडते म्हणून घेऊं नये. ती आपणांस एकमेकांजवळ आणते कीं दूर नेते, हें आधीं विचारावें. आणि क्षमेचा अभ्यास लहान भांडणांतच करावा, म्हणजे मोठ्या संकटांत ती आपणांस सांपडेल.

मंडळींत विचारण्यासाठीं प्रश्न :

(१) गेल्या दहा वर्षांत आपल्या घरीं आलेल्या कोणत्या वस्तूमुळें शेजाऱ्याकडे जाणें कमी झालें?

(२) मंडळींतील एखाद्याचें घर जळालें, तर उद्यां सकाळीं आपल्यापैकीं कोण काय घेऊन जाईल?

(३) शिस्त व दया ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा?

(४) बांधावरून किंवा वांटणीवरून ज्याच्याशीं आपलें बोलणें बंद आहे, असा कोणी आहे काय? ह्या प्रश्नाचें उत्तर सभेंत देऊं नये. त्याच्या घरीं जाऊन द्यावें.