नांदेड ते अमृतसर : अंतर आणि उड्डाणाचा वेळ

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. आणि उत्तरायुष्यात त्यांनी जेथे दीर्घकाळ वास्तव्य केले ते घुमान पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यात आहे. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. इकडे नांदेडास १७०८ साली गुरु गोविंदसिंगांचे देहावसान झाले. त्यामुळे या दोन प्रांतांतील जाणेयेणे जुने आहे. २०१५ साली घुमानास ८८ वे मराठी साहित्य संमेलन भरले, आणि २०१७ च्या डिसेंबरात नांदेड ते अमृतसर थेट विमान सुरू झाले. विमानाने अमृतसर अडीच तासांवर, असे आपण सहज बोलून जातो. हे कितपत खरे, ते विद्यार्थ्यांनी स्वतः हिशेब करून पाहावे.

नकाशा काढावा. दोन्ही शहरांच्या अक्षांशांत सुमारे साडेबारा अंशांचे अंतर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर; तेव्हा उत्तरेकडे १३८८ किलोमीटर झाले. रेखांशांत फरक अडीच अंशांचा. परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून येथे अंशाला १११ धरून चालणार नाही. वाटेच्या मध्यावर, पंचविसाव्या अक्षवृत्तावर, तो सुमारे १०१ किलोमीटरच भरतो. म्हणजे पश्चिमेकडे २५३. आता काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत लावावा. कर्ण सुमारे १४१० किलोमीटर येतो. पृथ्वी गोल असल्याने यात किंचित चूक राहते, पण शाळेच्या कामास हे उत्तर पुरे आहे. सचखंड एक्सप्रेस मनमाड, भोपाळ, दिल्ली असा वळसा घेऊन २००० किलोमीटरांहून अधिक धावते व सुमारे ३५ तास घेते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने १४१० किलोमीटर पावणेदोन तासांत संपावेत. मग अडीच तास कशाचे? धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, उंची गाठणे, उतरताना वेग आवरणे, यांत उरलेला वेळ जातो. शिवाय वारा आहे. कयाधूला पाणी असताना पोहणारा समोरच्या घाटावर नीट पोहोचण्यासाठी प्रवाहाच्या उलट तिरपे अंग ठेवतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात, तेव्हा विमानासही नाक तसेच वळवावे लागते आणि पुढे सरकण्याचा वेग थोडा घटतो.

आता पालकांसाठी. आजाऱ्याच्या भेटीस किंवा सैन्यात असलेल्या मुलाकडे निघालेल्या माणसाला अडीच तासांचा आकडा फसवितो. हिंगोलीहून नांदेड मोटारीने सुमारे दोन तास, विमानतळावर दोन तास आधी हजर राहणे, मग उड्डाण, सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा-पाऊण तास. एकूण सात-साडेसात तास झाले. घुमानास जावयाचे तर आणखी दीड तास धरावा. तरीही ३५ तासांपुढे हा लाभ मोठाच, यात आम्हास शंका नाही.

मात्र डिसेंबर-जानेवारीत अमृतसरावर दाट धुके पडते. विमाने खोळंबतात, क्वचित दुसऱ्या विमानतळावर उतरवितात. थेट विमानेही कधी चालू, कधी बंद होतात. तेव्हा तिकिटापूर्वी त्या महिन्याचे वेळापत्रक पाहावे, आणि पुढची गाडी त्याच दिवशीची धरू नये.