अधू प्राण्यांची काळजी

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथे अपंगांसाठी कृत्रिम पायही तयार होऊ लागले. पण अपंगत्व प्राण्यांनाही येते. त्यांची काळजी कोण घेणार?

आंधळे मांजर वास, आवाज आणि स्पर्श यांवरून घर ओळखते. म्हणून त्याचे पाण्याचे भांडे रोज एकाच जागी ठेवा. हात लावण्यापूर्वी त्याला हाक मारा. नाहीतर ते दचकून ओरखडेल. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरे पुष्कळदा जन्मतः बहिरी असतात. त्यांना गाडीचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून त्यांना रस्त्यावर मोकळे सोडू नका. तीन पायांचे कुत्रे छान धावते. मात्र ते लठ्ठ झाले, तर उरलेल्या पायांवर जास्त भार पडतो. त्याला बेताचेच खायला द्या.

अनोळखी जखमी प्राण्याला स्वतः हात लावू नका. मोठ्या माणसांना सांगा. कुत्रे किंवा मांजर पाळायचे असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस अवश्य टोचून घ्या.

काही लोक अधू झालेल्या प्राण्याला दूर नेऊन सोडतात. तेथे त्याची उपासमार होते. असे करणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. ज्या कुत्र्याने वर्षानुवर्षे आपले घर राखले, त्याला म्हातारपणी घराबाहेर काढणे योग्य आहे का? तुम्हीच सांगा.

शब्दार्थ : अधू – अपंग, कृत्रिम – माणसाने बनवलेले, भार – वजन.

स्वाध्याय :
१. आंधळे मांजर घर कसे ओळखते?
२. बहिऱ्या मांजराला मोकळे का सोडू नये?