रात्री छाती धडधडते तेव्हा



या अंकातला आरोग्यपाठ माझ्या स्वतःच्या अंथरुणापासून सुरू होतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात पाड्यांवरची कामे आटोपून मी रात्री उशिरा घरी यायचे, जेवायचे आणि लगेच आडवी व्हायचे. दिवा मालवला की छातीत एक ठोका चुकल्यासारखा वाटे, पुढचा धाडकन बसे आणि मग धडधड सुरू होई. प्रार्थना करतानाही माझी बोटे मनगटावर असत. सकाळी मी उठेन ना, मुलांचे कसे होईल, हेच मनात येई. विश्वास कमी पडतो आहे असे वाटून ही गोष्ट मी घरातही बोलले नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ईसीजी काढला, हिमोग्लोबिन व थायरॉईड तपासले आणि २४ तास ठोक्यांची नोंद ठेवणारे होल्टर यंत्र लावले. हृदय निरोगी होते. अधूनमधून जादा ठोके पडत होते, पण ते निरुपद्रवी होते.

नेमके काय घडते?

आपले हृदय दिवसाला साधारण १ लाख ठोके देते. त्यातला एखादा वेळेआधी पडतो. तेव्हा हृदय पुरते भरलेले नसते, म्हणून तो ठोका फारसा जाणवत नाही. त्यानंतर जी उसंत मिळते तिच्यात रक्त जास्त भरते आणि पुढचा ठोका जोरात लागतो. असे ठोके निरोगी माणसांतही पडतात. दिवसा कामाच्या गडबडीत ते कळत नाहीत. रात्री सगळे शांत असते, शिवाय डाव्या कुशीवर झोपले की हृदय छातीच्या भिंतीला अधिक टेकते. मग आपण घाबरतो. भीतीने शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते, त्याने धडधड वाढते आणि धडधडीने पुन्हा भीती.

मला काय उपयोगी पडले?

१. पाड्यावर घरोघरी कोरा चहा पुढे येतो आणि नाही म्हणवत नाही. पण चहातले कॅफीन निम्मे उतरायलाच सुमारे ५ तास लागतात. आता दुपारनंतर मी पाणी मागून घेते. कोणी रागावत नाही.

२. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवते. तंबाखू, मिश्री, दारू यांनीही धडधड वाढते. ज्यांना सवय आहे त्यांनी ध्यानात घ्यावे.

३. धडधड सुरू झाली की कूस बदलते किंवा उठून बसते. चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, असे पाच मिनिटे करते.

४. नाडी पुन्हापुन्हा मोजणे सोडले. हे सगळ्यात अवघड गेले आणि सगळ्यात जास्त कामी आले.

एक चूक होता होता राहिली

गेल्या उन्हाळ्यात पाड्यावरची एक बहीण म्हणाली, "ताई, रातची माझीपण छाती धडधडते." मी बरी झालेली, म्हणून स्वतःला जाणती समजत होते. "काही नसतं गं, चहा कमी कर," असे सांगून मी निघालेच होते. तेवढ्यात ती म्हणाली, विहिरीवरून हंडा आणताना आता दोनदा बसावे लागते. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली, आत पांढरी फटक. उपकेंद्रातल्या सिस्टरने हिमोग्लोबिन तपासले, ते फारच कमी निघाले. तिला ग्रामीण रुग्णालयात नेले आणि रक्त चढवावे लागले. मी निघून गेले असते तर?

म्हणून "काही नाही" हे शब्द तपासणीनंतरच बोलावेत. आदिवासी भागात रक्तक्षय आणि सिकलसेल दोन्ही आढळतात, त्यांचीही तपासणी करून घ्यावी.

केव्हा थांबू नये?

धडधडीबरोबर छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर किंवा शुद्ध हरपणे असेल. श्रम करताना धडधड होत असेल. स्वस्थ बसूनही नाडी बराच वेळ १२० च्या वर राहत असेल. आधीचा हृदयविकार असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखून घाम फुटला किंवा शुद्ध हरपली तर १०८ वर फोन करावा.

बाकीच्यांनी एकदा नीट तपासून घ्यावे, आणि डॉक्टरांनी निर्धास्त राहा म्हटले की मनगट सोडून द्यावे. मलाही अजून महिन्यातून एखाद्या रात्री तो धाडकन ठोका लागतो. मी कूस बदलते आणि झोपते.