काळीत रोवलेला डांब

नांदेड

चि. भाच्यास,

शेतात शेळ्यांसाठी पत्र्याचं शेड आणि घराच्या गच्चीवर सावली, अशी दोन्ही कामं काढल्याचं ताईनं सांगितलं. पाइप दोन्हीकडं सारखे घे, पण त्यांचे पाय सारखे ठेवू नकोस.

आपल्या जुन्या लोकांनी घरं पांढरीवर बांधली आणि काळी पिकाला ठेवली. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात तिच्या भेगेत हात जातो. मी पहिलं शेड घातलं तेव्हा दोन फुटांचे खड्डे घेतले आणि वरच्या अंगाला तीच माती दाबली. दुसऱ्या पावसाळ्यात मधला डांब चार बोटं वर आला. फुगणारी माती काँक्रीटच्या अंगाला धरते आणि सोबत उचलते, हे मला तेव्हा कळलं.

अशाच जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं तळाशी कंद असलेले पाइल रूढ केले. कंद देठाच्या साधारण अडीचपट रुंद, खोली साडेतीन मीटरच्या आसपास. तिथं ओल फारशी बदलत नाही. शेडला एवढं करायची गरज नाही, पण युक्ती तीच घे. मुरूम लागत असेल तर मुरमापर्यंत उतर. नाही लागला तर निदान चार फूट जा आणि पहारीनं तळ वरच्या तोंडापेक्षा रुंद कोर. वर पसरट, खाली निमुळता खड्डा अजिबात नको, माती त्याला सहज उचलते. काँक्रीट जमिनीवर चार बोटं काढून उतार दे. पाइप गंजतो तो मातीच्या रेषेवरच.

वळवाचा वारा विसरू नकोस. ताशी १०० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला सुमारे ४७ किलो दाब देतो. दहा बाय वीस फुटांच्या पत्र्यावर तो पावणेनऊशे किलोच्या घरात जातो, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन शंभर किलोही भरत नाही. चारही बाजू उघड्या असल्या की वारा आत शिरून पत्रा वर उचलतो. म्हणून खांब खाली धरून ठेवणारं वजन हवं. दीड फूट रुंद आणि तीन फूट खोल गोल काँक्रीटच साडेतीनशे किलोचं होतं.

गच्चीवर बेसप्लेट फरशीवर ठेवून बोल्ट मारू नकोस. फरशी आणि कोबा यांना पकड नसते; बोल्ट स्लॅबच्या काँक्रीटमध्ये रुतला पाहिजे, तोही कडेपासून आत. भोकातली भुकटी फुंकून काढ, नाहीतर तो ढिला राहतो. कॉलमचे गज वर काढून ठेवलेले असतील तर खांब तिथंच घे. भोक पाडलं तिथं गळती होते, तेव्हा वॉटरप्रूफिंग त्याच दिवशी उरक.

रविवारच्या पॅसेंजरनं पिंगळीला उतरतो. खड्डे खणून ठेव, ओळंबा आणि धुम्मस मागून आण. माल मात्र मी तळ पाहिल्याशिवाय कालवू नकोस.

तुझा,
मामा