नकाशा कोणाच्या हाती? : विल्यम बंगी यांचा नगर-भूगोल

एखाद्या संशोधकाच्या कार्याचा प्रभाव मोजताना विद्यापीठे सामान्यतः एक हिशेब मांडतात : त्याच्या ग्रंथांचा उल्लेख इतर किती अभ्यासकांनी केला? हा हिशेब उपयुक्त असला तरी अपुरा आहे. ज्या वस्तीचा अभ्यास झाला, तेथील माणसांच्या हाती त्यातून काय आले, हा प्रश्न त्यात विचारला जात नाही. विद्यार्थी मित्रहो, अमेरिकन भूगोलतज्ज्ञ विल्यम बंगी (१९२८–२०१३) यांचे कार्य या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

बंगी यांची पहिली कीर्ती गणिती भूगोलाची. १९६२ साली स्वीडनमधील लुंड येथून त्यांचा ‘थिऑरेटिकल जिऑग्रफी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भूगोल ही नद्या, पर्वत व राजधान्यांची यादी नसून, भूपृष्ठावरील मांडणीचे नियम शोधणारे ते शास्त्र आहे, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. या ग्रंथाने त्यांना विद्वानांत मान मिळवून दिला.

पुढे ते डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकवू लागले आणि शहरातील फिट्झजेराल्ड या वस्तीत राहावयास गेले. मोटारींच्या कारखान्यांमुळे दक्षिणेकडील हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे डेट्रॉइटला आली होती. गोरी कुटुंबे उपनगरांकडे निघून जात होती. कृष्णवर्णीयांना मात्र तेथे घर मिळणे आणि घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त होते. जुलै १९६७ मध्ये शहरात उद्रेक झाला व त्यात ४३ माणसे मृत्युमुखी पडली. केवळ ग्रंथालयात बसून असे शहर समजणार नाही, हे बंगी यांनी ओळखले.

त्यातूनच ‘डेट्रॉइट भौगोलिक मोहीम’ उभी राहिली. या मोहिमेचा दुसरा आधारस्तंभ होती ग्वेंडोलिन वॉरन, जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची, वस्तीत संघटनेचे काम करणारी कृष्णवर्णीय तरुणी. गोरे प्राध्यापक येतात, माहिती घेतात आणि निघून जातात, हा अनुभव वस्तीला होता. म्हणून मोहिमेने माहितीच्या बदल्यात शिक्षण देण्याचे ठरविले. ज्यांना महाविद्यालयाचे दार बंद होते, अशा स्थानिक तरुणांसाठी विद्यापीठाची मान्यता असलेले विनाशुल्क वर्ग सुरू झाले. नकाशा काढणे, मोजमाप करणे व अहवाल लिहिणे हे तेथे तेच शिकू लागले.

मोहिमेच्या १९७१ च्या अहवालात एक नकाशा आहे. शहराच्या पूर्वेकडील ग्रोस पॉइंट या धनिक उपनगरांतून नोकरदार मंडळी मोटारीने शहराच्या मध्यभागी येत-जात. वाटेत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लागत. या मार्गावर मोटारीखाली सापडलेल्या मुलांच्या मृत्यूची स्थळे या नकाशात बिंदूंनी दर्शविली आहेत. ही माहिती पोलिसांकडून सहजासहजी मिळाली नाही. राजकीय वजन असलेल्या व्यक्तींमार्फत ती मिळवावी लागली, असे वॉरन यांनी नोंदविले आहे. येथे पद्धतीकडे लक्ष द्या. एकेक मृत्यू स्वतंत्रपणे पाहिला तर तो अपघात वाटतो. सर्व मृत्यू एका कागदावर, एका रस्त्याच्या कडेने मांडले की, रस्ता कोणाच्या सोयीसाठी आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे दिसू लागते.

ही मोहीम काही वर्षेच चालली. बंगी यांना वेन स्टेट सोडावे लागले. ते कॅनडात गेले व टोरांटोमध्ये त्यांनी टॅक्सीही चालविली. फिट्झजेराल्डवरील त्यांचा ग्रंथ १९७१ साली निघाला आणि चाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, पुनर्मुद्रित झाला. लोकांना सोबत घेऊन नकाशे काढणारे आजचे भूगोलतज्ज्ञ या मोहिमेचा वारसा सांगतात. मात्र दीर्घकाळ हे श्रेय प्रामुख्याने बंगी यांच्याच नावावर राहिले. वॉरन यांनी आपली बाजू सांगितलेला लेख २०१९ मधील एका ग्रंथात आला, तेव्हा कोठे वस्तीतील तरुणांचा वाटा अभ्यासकांपुढे नीट आला. संशोधनाच्या प्रभावाचा इतिहास लिहिताना ही उणीव विसरता येणार नाही.

आपल्याला हा विषय परका नाही. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात इतिहासाचा प्रश्न म्हणून मांडला. तो तितकाच भूगोलाचाही प्रश्न आहे. वसतिगृहातील आपण सारे निरनिराळ्या गावांहून आलेले आहोत. येत्या सुटीत प्रत्येकाने आपल्या गावाचा नकाशा काढावा. त्यात आपली वस्ती, पाण्याची जागा, शाळा, दवाखाना, एस.टी.चा थांबा आणि स्मशानभूमी दाखवावी. वस्तीपासून प्रत्येक ठिकाणाचे अंतर पावलांनी मोजावे. गावातील दुसऱ्या टोकाच्या घरापासूनही मोजावे आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. पूर्वी पाणी कोठून आणत, हे आजीला विचारावे. जुनी वाट आजोबांना विचारावी.

नकाशा पूर्ण झाल्यावर खाली आपले नाव लिहालच. त्याच ओळीत आजीचे आणि आजोबांचे नावही लिहा.